रंग बघून पुस्तक घेतलं तर बिघडलं काय?

5 एप्रिल 1895 रोजी लंडनच्या कॅडोगन हॉटेलात ऑस्कर वाइल्डला अटक झाली, तेव्हा त्याच्या काखेत एक पिवळं पुस्तक होतं. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट ठळकपणे छापली. त्या दिवसांत लंडनमध्ये ‘द यलो बुक’ नावाचं त्रैमासिक निघत असे. पिवळ्याधमक पुठ्ठ्यात बांधलेलं आणि ऑब्रे बिअर्डस्लीच्या काळ्याभोर चित्रांनी गाजलेलं. वाइल्डच्या काखेतलं पुस्तक तेच, असं लोकांनी ठरवून टाकलं. जमाव व्हिगो स्ट्रीटवरच्या ‘बॉडली हेड’ या प्रकाशनाच्या कचेरीवर चालून गेला, दगडफेक झाली, काचा फुटल्या. पाठोपाठ बिअर्डस्लीची कलासंपादकाची नोकरीही गेली. वाइल्डने त्या त्रैमासिकात कधी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. त्याच्याजवळ होती ती पिवळ्या कागदी वेष्टनातली फ्रेंच कादंबरी. तेव्हाच्या फ्रेंच कादंबऱ्या सर्रास तशाच वेष्टनात निघत. व्हॅन गॉगने 1887 मध्ये त्यांचे ढीगच्या ढीग रंगवले आहेत.

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे सांगायला हा किस्सा सोयीचा आहे. रंग बघून पुस्तक उचलणाऱ्याला उथळ ठरवण्याची आपल्याकडे पद्धतही आहे. पण या किश्शाचा पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही.

ज्या कचेरीच्या काचा रंगापायी फुटल्या, त्याच ‘बॉडली हेड’चं नाव मुखपृष्ठावर घेऊन चाळीस वर्षांनी एक स्वस्त मालिका बाजारात आली. कचेरीचा मालक जॉन लेन याचा दूरचा नातेवाईक ॲलन लेन याने ती काढली आणि तिचं नाव ठेवलं पेंग्विन. जुलै 1935 मध्ये पहिली दहा पुस्तकं निघाली, किंमत प्रत्येकी सहा पेन्स. मुखपृष्ठावर चित्र नाही, फक्त तीन आडवे पट्टे; वरचा-खालचा रंगीत, मधला पांढरा. केशरी म्हणजे कादंबरी, हिरवं म्हणजे गुन्हेगारी आणि रहस्य, गडद निळं म्हणजे चरित्र. पुढे प्रवासाला गुलाबी आणि नाटकाला लाल रंग मिळाला. पहिल्या दहांत अगाथा ख्रिस्तीची ‘द मिस्टीरिअस अफेअर ॲट स्टाइल्स’ होती, अर्थातच हिरव्या पट्ट्यांत. कल्पना लेनची एकट्याची नव्हती. हॅम्बुर्गच्या ‘अल्बाट्रॉस’ प्रकाशनाने 1932 मध्येच विषयवार रंग लावले होते. पण वूलवर्थ या दुकानसाखळीने एकदम साडेत्रेसष्ट हजार प्रतींची मागणी नोंदवली आणि पेंग्विनचं नशीब फळफळलं. वर्षभराच्या आत दहा लाखांवर प्रती छापाव्या लागल्या.

या पट्ट्यांमागे सौंदर्यदृष्टी होतीच, पण त्याहून जास्त होता तो हिशेब. चित्रकाराचा खर्च नाही, ठसे करायचा खर्च नाही, दोन शाईंत काम भागतं. फलाटावर गाडी सुटायच्या घाईत असलेल्या माणसाला दहा हातांवरून कळतं की इथे रहस्यकथा आहेत आणि पलीकडे चरित्रं. रंग इथे पाटीचं काम करतो. 1961 मध्ये रोमेक मार्बर या आरेखकाने रहस्यकथांची मुखपृष्ठं पार नवी केली, चित्रं आणली, अक्षरांची मांडणी बदलली. हिरवा रंग मात्र त्याने ठेवला. वाचकाशी झालेला करार मोडायचा नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक असावं.

करार हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे, कारण रंगाला स्वतःचा असा अर्थ नसतो. पिवळ्याचंच बघा. लंडनला तो चारित्र्यहीन वाटला. इटलीत 1929 मध्ये मोंदादोरी प्रकाशनाने एस. एस. व्हॅन डाइनच्या रहस्यकथेपासून पिवळ्या मुखपृष्ठांची मालिका सुरू केली आणि तिथे पिवळा म्हणजे खुनाचा तपास असं समीकरण आजतागायत रूढ आहे. जर्मनीत रेक्लाम प्रकाशनाची खिशात मावणारी पुस्तकं 1867 पासून निघतात, पहिलं होतं गटेचं ‘फाउस्ट’. 1970 पासून त्यातली जर्मन पुस्तकं पिवळी असतात; परभाषेतली लाल आणि द्विभाषिक केशरी. म्हणजे पिवळा रंग दिसला की इटलीतला वाचक सरसावून बसतो आणि जर्मनीतल्या शाळकरी पोराला परीक्षा आठवते.

आणि मराठीत? पिवळी पुस्तकं म्हटल्यावर काय समजायचं ते कुणाला सांगावं लागत नाही. अश्लीलतेवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा मात्र चोरून विकल्या जाणाऱ्या पुस्तकातली नव्हती. ती ‘रंभा’च्या 1962 च्या दिवाळी अंकात राजरोस छापलेली होती आणि 1969 मध्ये न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला.

जपानने हा करार सगळ्यात काटेकोरपणे पाळला. ‘इवानामी बुंको’ ही खिशातल्या पुस्तकांची मालिका 1927 पासून चालू आहे. जुनं जपानी साहित्य पिवळ्या पट्ट्यात, आधुनिक जपानी हिरव्या, परदेशी साहित्य लाल, तत्त्वज्ञान-इतिहास-विज्ञान निळ्या, कायदा आणि अर्थशास्त्र पांढऱ्या. याच देशात 1987 मध्ये हारुकी मुराकामीची ‘नॉर्वेजियन वुड’ दोन खंडांत आली, एक लालभडक आणि दुसरा हिरवागार. रंग लेखकाने स्वतः निवडले होते. वर्षअखेरीस, नाताळच्या भेटींच्या दिवसांत, ही लाल-हिरवी जोडी लाखांनी खपली. घेणाऱ्यांपैकी किती जणांनी ती वाचायला घेतली आणि किती जणांनी नुसती द्यायला, हा हिशेब मुराकामीलाही लावता येणार नाही. पण घरात शिरलेलं पुस्तक कधी ना कधी कुणीतरी उघडतं. घरात शिरायला त्याला रंगाने मदत केली असेल, तर त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

रंगाने पुस्तक घरात आणलं आणि ते महागात पडलं, असंही एकदा झालं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंड-अमेरिकेत कापडी बांधणीची पुस्तकं स्वस्त झाली. दिवाणखान्यात शोभतील असे भडक रंग त्यांना चढले. त्यातला सर्वांत मागणी असलेला रंग म्हणजे एमराल्ड ग्रीन, पाचूसारखा हिरवा. तो तांबं आणि आर्सेनिक यांच्या संयुगातून येई. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात विंटरथर संग्रहालय आहे. 2019 मध्ये तिथल्या जतनतज्ज्ञ मेलिसा टेडोन 1857 च्या एका हिरव्या पुस्तकाची डागडुजी करत होत्या. साळिंदराच्या काट्याच्या टोकाखाली कापडावरचा रंग पापुद्र्यांनी सुटायला लागला, त्यांना शंका आली. क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा आर्सेनिक सापडलं. पुस्तक होतं सुरुचिपूर्ण घरं कशी सजवावीत यावर. तेव्हापासून अशा विषारी पुस्तकांची यादी जगभरातून वाढत गेली आणि आता ती शेकड्यांत आहे. 2024 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने खबरदारी म्हणून अशी चार पुस्तकं वाचकांच्या हातात देणं बंद केलं. आपल्याकडच्या पोथ्यांतही आर्सेनिक असतंच म्हणा. लिहिताना चुकलेल्या अक्षरावर फासली जाणारी पिवळी हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं खनिज. पण ती रंग बघून घरी आणण्यासाठी नव्हती.

मराठी वाचकाला मात्र या सगळ्या भानगडीची फारशी झळ लागली नाही, कारण त्याच्या हातात पुस्तक यायचं तेच रंग उतरवून.

गेल्या पिढीपर्यंतचा मराठी वाचक घडला तो सार्वजनिक वाचनालयात. पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं. आज राज्यात सरकारमान्य ग्रंथालयं दहा हजारांहून अधिक आहेत. नवं पुस्तक आलं की तिथे पहिली वारी बाइंडरकडे. तो आधी कागदी मुखपृष्ठ सोडवणार. मग पाठीवर भोकं पाडून जाड दोऱ्याने शिलाई. मैद्याच्या खळीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, त्या खळीने पुठ्ठे चिकटवायचे, पुठ्ठ्यांवर अबरी कागद आणि पाठीला काळं किंवा मरून रेक्झिन. झालं. बाइंडर हळव्या मनाचा असला तर मुखपृष्ठाचा तुकडा आतल्या पानावर डकवायचा, नाहीतर ते रद्दीत. कण्यावर पांढऱ्या रंगाने नाव आणि दाखल क्रमांक. खांडेकर, फडके, बाबूराव अर्नाळकर, योगासनं, सगळे एकाच गणवेशात.

त्या गणवेशाखाली काय काय गेलं याचा विचार केला तर हळहळ वाटते. मडगावहून मुंबईला आलेल्या दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठांत रंगांची जी उधळण केली ती गेली. वसंत सरवटे यांच्या रेषेतला खट्याळपणा गेला, बाळ ठाकूर यांची मोजक्या रंगांतली मांडणी गेली. मराठीत मुखपृष्ठकलेची इतकी श्रीमंत परंपरा असताना वाचकांच्या कैक पिढ्यांनी ती पाहिली ती मुख्यत्वे दिवाळी अंकांवर. अंक वर्षापुरता म्हणून बाइंडरच्या तावडीतून सुटायचा. म्हणूनच दिवाळी अंक रंग आणि चित्र बघून उचलायला मराठी माणूस कधी लाजला नाही. तोच माणूस पुस्तकाच्या बाबतीत मात्र सोवळा असतो.

रंग नाही म्हटल्यावर वाचक निवड कशावर करायचा? लेखकाच्या नावावर आणि शेवटच्या कोऱ्या पानावर. तिथे आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने शेरे मारलेले असत. ‘छान’, ‘रडवते’, ‘वेळ फुकट’. ही व्यवस्था वाईट नव्हती. पण तिचा परिणाम असा झाला, की वाचक ओळखीच्या आठ-दहा नावांभोवतीच फिरत राहिला. अनोळखी नावाला हात घालावा असं काही त्या काळ्या-मरून रांगेत नव्हतंच.

वाचनालयाचा तो काळ सरला. आता पुस्तक दुकानात रंगासकट दिसतं, आणि मोबाइलवर नखाएवढं दिसतं. नखाएवढ्या चित्रात तपशील मावत नाही, रंग मावतो. त्यामुळे भडक सपाट रंग आणि ठसठशीत अक्षरं यांची चलती आहे. मुंबईच्या सिग्नलवर प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली थप्पी हातावर तोलत पोरं गाड्यांमधून फिरतात, तेव्हा काचेआडच्या गिऱ्हाइकाला नाव वाचायची गरजच पडत नाही. केशरी दिसलं की मार्क मॅन्सन, जांभळं दिसलं की ‘रिच डॅड पुअर डॅड’. त्यातल्या बऱ्याच प्रती नकली असतात. कागद पिठूळ, छपाई पुसट, मधली चार पानं गायब. पण केशरी रंग बरोब्बर तोच. नकली प्रती छापणाऱ्याला बाजार प्रकाशकापेक्षा जास्त कळतो, असं कधीकधी वाटतं.

मराठी प्रकाशकांकडे बघितलं तर रंग आहेत, पण करार नाही. ऐतिहासिक कादंबरी असेल तर भगवं आभाळ, किल्ल्याचा बुरूज आणि उधळलेला घोडा. ग्रामीण असेल तर भेगाळलेली तपकिरी जमीन. यशाचा मंत्र सांगणारं असेल तर पिवळा बाण वर चाललेला. आत्मचरित्राला हनुवटीवर हात ठेवलेला लेखक. हे रंग वाचकाला वाट दाखवण्यासाठी आलेले नाहीत. शेजारच्याचं खपलं म्हणून आले आहेत. एकाच प्रकाशकाची दहा पुस्तकं शेजारी ठेवली तरी ती एका घरची आहेत हे ओळखू येत नाही. कण्यावरचं नाव कुणी वरून खाली छापतं, कुणी खालून वर, त्यामुळे कपाटापुढे उभ्या राहिलेल्या माणसाची मान डावी-उजवीकडे कलत राहते, ते वेगळंच.

एका ठिकाणी मात्र रंगाचा करार मराठीतही झाला आहे, आणि तो प्रकाशकांनी नव्हे, वाचकांनी केला. 6 डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीपाशी किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलची रांग लागते. तिथल्या मुखपृष्ठांत निळा रंग उठून दिसतो. लांबून आलेली माणसं, त्यात पहिल्यांदाच पुस्तक विकत घेणारीही असतात, त्या निळ्याकडे खात्रीने जातात. तो रंग आधी झेंड्यावर आला, मग पुस्तकावर. रंग बघून पुस्तक घेणं इथे उथळपणाचं आहे असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. मात्र याचीच दुसरी बाजू अशी, की निळं दिसलं म्हणून हात न लावणारे आणि भगवं दिसलं म्हणून पुढे सरकणारे वाचकही आपल्यातच आहेत. रंगाने माणूस पुस्तकापर्यंत येतो तसा पुस्तकापासून लांबही जातो. अशांनी तरी वर्षातून एखादं पुस्तक नावडत्या रंगाचं वाचावं. हा सल्ला आगाऊ वाटेल, पण तो दोन्ही बाजूंना आहे.

आता ज्यांना रंगाच्या व्यवस्थेशी देणंघेणं नाही, जे निव्वळ लहर म्हणून या महिन्यात लाल पुस्तकंच वाचायची असं ठरवतात, त्यांचं काय? परदेशात हा खेळ चांगलाच रुळला आहे आणि जाणकार मंडळी त्यावर हसतात. हसण्यासारखंही आहे. न्यूयॉर्कच्या ‘स्ट्रँड’ या प्रसिद्ध दुकानात फुटाच्या मापाने पुस्तकं मिळतात, भिंतीच्या रंगाला साजेशी हवी असली तर तशीही. ते वाचन नव्हे, ती घरसजावट. पण 2004 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘अडोबी’ या जुन्या पुस्तकांच्या दुकानात ख्रिस कॉब या कलाकाराने केलं ते निराळं होतं. स्वयंसेवकांना हाताशी धरून त्याने दुकानातली सुमारे वीस हजार पुस्तकं रंगांनुसार लावली. पाककृतींशेजारी मार्क्स, त्याच्या शेजारी बालगीतं. ठरवून आलेल्या गिऱ्हाइकाची पंचाईत झाली असणार यात शंका नाही. पण जे कधी शेजारी येणारच नव्हते ते लेखक शेजारी आले, हेही खरं.

या लहरीची बाजू घ्यायला हवी ती एवढ्याचसाठी. वाचकाला आज काय वाचावं हे सांगणारे खूप झाले आहेत. त्याने मागे काय घेतलं ते पाहून पुढचं सुचवणारं यंत्र आहे, खपाच्या याद्या आहेत, समाजमाध्यमांवरचे शिफारसकर्ते आहेत. या सगळ्यांचा कल एकाच दिशेला: आवडलं त्यासारखंच आणखी. रंगाला मात्र आवडीनिवडी ठाऊक नसतात. हिरवं पुस्तक घ्यायचं ठरवून कपाटापुढे उभा राहिलेला माणूस शेतीवरचं, कबीरावरचं किंवा कुण्या अनोळखी कवीचं पुस्तक उचलू शकतो. त्यातली निम्मी निघतील टाकाऊ. यंत्राने सुचवलेल्यांचं प्रमाण तरी कुठे वेगळं असतं?

पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर हा खेळ खेळणाऱ्याला एक गोष्ट लवकरच ध्यानात येईल. उन्हात राहिलेल्या पुस्तकांचे कणे निळसर झालेले असतात. चार शाईंच्या छपाईत पिवळी आणि किरमिजी शाई उन्हाने आधी उडते, निळी आणि काळी टिकून राहते. मुखपृष्ठ अजून भडक आणि कणा फिका निळा, अशी पुस्तकं तिथे ढिगाने मिळतात. म्हणजे निळं निवडणाऱ्याच्या वाट्याला बरीचशी अशी पुस्तकं येणार, जी खूप दिवस कुणीच उचललेली नाहीत.

मुलांच्या बाबतीत तर रंगाची उपयुक्तता सिद्धच आहे. बंगळुरूच्या ‘हिप्पोकॅम्पस’ या संस्थेने वाचनाच्या पायऱ्यांना रंग दिले: हिरवा, लाल, केशरी, पांढरा, निळा, पिवळा. पुस्तकावर ठिपका, मुलाला त्याचा रंग माहीत, मग कपाटापुढे मोठ्या माणसाची लुडबुड नको. अर्थात कुठला रंग वरचा आणि कुठला खालचा हे पोरांना दोन दिवसांत कळतं आणि चिडवाचिडवी सुरू होते. तेवढं शिक्षकांनी सांभाळायचं.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेची ‘लोब’ ग्रंथमाला शंभर वर्षांहून जास्त काळ ग्रीक ग्रंथ हिरव्यात आणि लॅटिन लालमध्ये काढते आहे. त्याच विद्यापीठाच्या ‘मूर्ती’ ग्रंथमालेत भारतीय अभिजात साहित्य गुलाबी वेष्टनात येतं. म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’चा पहिला खंड ॲन फेल्डहाउस यांच्या इंग्रजी भाषांतरासह, मूळ मराठी समोरच्या पानावर ठेवून, 2024 मध्ये तिथून निघाला. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ रंगाच्या शिस्तीत बसला तो केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधून.

हे इथे करायला काय लागतं? हजार प्रतींच्या आवृत्तीत कण्याचा वरचा इंचभर भाग ठरलेल्या रंगाचा ठेवला तर छपाईचा खर्च एका रुपयानेही वाढत नाही, कारण चार शाया तशाही यंत्रावर चढलेल्याच असतात. कथा-कादंबरीला एक, चरित्राला एक, विज्ञानाला एक, कवितेला एक. पाच-सहा प्रमुख प्रकाशकांचं एकमत झालं की पुरे. त्यासाठी संमेलनात ठराव नको. वाचनालयांना तर प्रकाशकांची वाट पाहण्याचंही कारण नाही. काळ्या-मरून कण्यांवर रंगीत चिकटपट्टी लावायला गावातला स्टेशनरीवाला पुरतो. वाचनालयाच्या समित्या म्हणतील, माणसं कुठून आणायची. मे महिन्याच्या सुट्टीत वाचनालयात येणाऱ्या पोरांना कात्री आणि चिकटपट्टीची रिळं द्यावीत. कुठल्या पुस्तकाला कुठला रंग लावायचा यावरून त्यांच्यात भांडणं होतील आणि भांडण मिटवायला पुस्तक उघडून बघावं लागेल.